ख्रिस्ती : नाव ठेवलं की नावं ठेवली?

प्रश्न

वसईत माझ्या मैत्रिणीची आजी आपल्या समाजाला 'किरिस्ताव' म्हणते. मैत्रीण 'ख्रिश्चन' म्हणते. पेपरात आणि पुस्तकांत 'ख्रिस्ती' असतं. हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे ना? आणि बरेच दिवस मनात असलेली दुसरी शंका: येशूच्या पहिल्या अनुयायांनी हे नाव स्वतः घेतलं, की दुसऱ्या कुणी दिलं? जाणकारांनी सांगावं.

उत्तर

ताई, मूळ एकच, वाटा तीन. 'किरिस्ताव' पोर्तुगिजांबरोबर आला. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्या ताब्यात होती, त्या दोनशे वर्षांत तो तिथल्या बोलीत मुरला. गोव्यातही तो आहेच. 'ख्रिश्चन' इंग्रजीतून आला. 'ख्रिस्ती' मात्र आपल्या व्याकरणाने घडवला आहे: ख्रिस्त अधिक 'ई', बंगालचा बंगाली तसा.

तुमच्या दुसऱ्या शंकेवर मात्र सविस्तर लिहितो, कारण त्या एका शब्दात पहिली पावणेदोनशे वर्षं साठलेली आहेत.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात म्हटलंय की हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं. अंत्युखिया म्हणजे ओरोंतेस नदीकाठचं अँटिऑक, आज तुर्कस्तानातलं अंताक्या. त्या काळी ते रोमच्या सीरिया प्रांताची राजधानी होतं, आणि रोम-अलेक्झांड्रियाच्या खालोखाल त्याचं नाव घेतलं जाई. जेरुसलेममध्ये स्तेफन नावाच्या शिष्याला दगडमार करून मारल्यावर जे शिष्य पांगले, त्यांतले काही इथवर पोचले. आधी ते फक्त यहुद्यांशी बोलत. इथे काहींनी ग्रीकांनाही सांगायला सुरुवात केली, आणि मंडळी यहुदी आणि परकी अशी मिसळ झाली. आता हे लोक यहुदी म्हणावेत तर नाहीत, देवळांत बळी देणारे म्हणावेत तर तेही नाहीत. शहराला त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागला.

तो शब्द कसा बनला ते बघा. ग्रीकमध्ये तो 'ख्रिस्तियानोस'. 'ख्रिस्तोस' हे मूळ ग्रीक, पण शेपूट '-इआनुस' हे लॅटिन. हा प्रत्यय लॅटिनमध्ये एखाद्या पुढाऱ्याच्या माणसांना लावत. सेनापती पाँपीच्या बाजूचे ते पाँपेइआनी, सीझरचे ते सीझरिआनी. आपल्याकडे 'टिळकपक्षीय' म्हणत, तशातला प्रकार. म्हणजे बोलणारा रोमन कारभाराच्या भाषेत विचार करतो आहे, आणि 'ख्रिस्तोस' हे त्याला कुठल्यातरी म्होरक्याचं नाव वाटतंय. यहुद्यांनी हा शब्द काढणं शक्य नव्हतं. 'ख्रिस्तोस' म्हणजे मसीहा. 'मसीहाची माणसं' म्हटलं की येशूचा दावा मान्य केल्यासारखंच झालं. ते त्यांना 'नासोरी' म्हणत, नासरेथवरून.

आणि शिष्य स्वतःला काय म्हणत? बंधू, शिष्य, पवित्र जन. 'मार्ग' असंही म्हणत, अमुक अमुक 'मार्गाचा' आहे असं. पौल या प्रेषितावर खटला चालला तेव्हा तो म्हणतो, मी त्या मार्गाने देवाची उपासना करतो ज्याला हे लोक फुटीर गट म्हणतात. मराठीत 'पंथ' या एकाच शब्दात वाट आणि गट दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे पौलाचं ते वाक्य वाचताना मला दर वेळी वाटतं की ते आपल्या भाषेत किती सहज बसलं असतं.

पौलाच्या सगळ्या पत्रांत 'ख्रिस्ती' हा शब्द एकदाही नाही. अख्ख्या नव्या करारात तो तीनदाच येतो. एकदा अंत्युखियाच्या त्या वाक्यात. एकदा राजा अग्रिप्पाच्या तोंडी, पौलाला उत्तर देताना. आणि तिसऱ्यांदा पेत्राच्या पहिल्या पत्रात: कुणाला ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर त्याने लाज वाटून घेऊ नये. लाज वाटू नये असं ज्याच्याबद्दल सांगावं लागतं, तो शब्द तोवर शिवीच्या जवळचा असणार. म्हणून माझं उत्तर असं, की आधी नावं ठेवली, मग तेच नाव ठेवलं.

रोमन इतिहासकार टॅसिटसही हेच सांगतो. इ.स. ६४च्या रोमच्या आगीचा आळ सम्राट नीरोने ज्यांच्यावर ढकलला, त्यांना जनसामान्य या नावाने ओळखत, असं तो लिहितो.

एक भर

वरच्या उत्तराला एक पुस्ती. टॅसिटसच्या त्या पानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितात मुळात 'ख्रेस्तियानोस' असं होतं, नंतर 'ए' खोडून 'इ' केलेला आहे. 'ख्रेस्तोस' हा वेगळा शब्द आहे: चांगला, उपयोगी, मायाळू. गुलामांचं हे अगदी नेहमीचं नाव. तेव्हाच्या ग्रीक बोलण्यात दोन्ही उच्चार जवळजवळ सारखेच झाले होते, आणि ख्रिस्तोस, म्हणजे 'तेल लावलेला', हे कुणाचं नाव असेल हे परक्याला पटेचना. मग त्याने ओळखीचं नाव ऐकलं. सम्राट क्लॉडियसने यहुद्यांना रोममधून हाकललं, त्याबद्दल रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की ते कुणा 'ख्रेस्तुस'च्या चिथावणीने दंगा करत होते.

ख्रिस्ती लेखकांनी या चुकीचा उपयोगही करून घेतला. दुसऱ्या शतकातला जस्टिन म्हणतो, आमच्या नावातच चांगुलपणा आहे, चांगल्याचा द्वेष करणं न्यायाचं नाही. कार्थेजचा तर्तुलियन म्हणतो, तुम्ही आमचं नाव चुकीचं उच्चारता तेव्हाही त्यातून गोडवाच निघतो. दमास्कसजवळ एका खेड्यात मार्सियनपंथीयांच्या (मार्सियन या ख्रिस्ती गुरूला मानणाऱ्यांच्या) सभागृहावरचा शिलालेख सापडला आहे, इ.स. ३१८-१९चा. त्यावर येशूचं नाव 'ख्रेस्तोस' असंच कोरलेलं आहे.

पुन्हा विचारते

दादा, खूप आभार. पण मग 'ख्रिस्त' म्हणजे 'अभिषिक्त' ना? मराठीत 'अभिषिक्त' का नाही म्हणत? आणि शिवीचं नाव लोकांनी आपलं कधी केलं?

उत्तर

'अभिषिक्त' जुन्या कराराच्या मराठी भाषांतरात आहे, राजाच्या संदर्भात. येशूपुढे मात्र 'ख्रिस्त' राहिलं, कारण पौलाच्या पत्रांपासूनच ते पदवी न राहता नावाचा भाग झालं होतं. शिवाय आपला अभिषेक पाण्याचा, दुधाचा, पंचामृताचा. इस्राएलात राजाच्या डोक्यावर ऑलिव्हचं तेल ओतत, म्हणून हिब्रूत 'मशिआख'. ग्रीक माणसाला तर अंगाला तेल चोळणं म्हणजे आखाड्यातला रोजचा प्रकार. 'तेल लावलेला' यात त्याला राजेपण दिसेना. 'ख्रिस्त' हे नुसतं नाव होऊन बसलं, त्याचं हेही एक कारण.

नाव आपलं कधी केलं, याचे दोन टप्पे मला स्पष्ट दिसतात.

पहिला कचेरीतला. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी हा काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा सुभेदार होता. तो सम्राट ट्राजनला विचारतो: शिक्षा नुसत्या नावाबद्दल द्यायची, की नावाला चिकटलेल्या गुन्ह्यांबद्दल? त्याच्या पत्रातून पसारा किती झाला होता तेही कळतं. शहरंच काय, खेडी आणि शेतमळेही या 'अंधश्रद्धे'ने व्यापलेत, देवळं ओस पडली होती, असं तो सांगतो. ते पहाटे उजाडण्याआधी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, एवढंच त्याच्या हाती लागलं. दोन दासींचा छळ करूनही जास्त काही निघालं नाही. त्याची रीत अशी: तू ख्रिस्ती आहेस का, हे तीनदा विचारायचं. तिन्ही वेळा 'हो' म्हणणाऱ्याला मृत्यू, रोमन नागरिक असेल तर रवानगी रोमला. ट्राजन उत्तर देतो, त्यांना हुडकत बसू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण सिद्ध झालं तर शिक्षा करा, आणि देवांची पूजा करून नाकारलं तर सोडा. म्हणजे सगळा खटला एका शब्दावर येऊन थांबला.

दुसरा टप्पा त्याच कचेरीत, पण पिंजऱ्यात उभं राहणाऱ्याच्या बाजूने. इ.स. १७७मध्ये ल्यों शहरात सांक्टुस नावाच्या चर्चच्या सेवकाला (डीकनला) नाव, गाव, तू गुलाम की स्वतंत्र, असं सगळं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, आणि तेही लॅटिनमध्ये: मी ख्रिस्ती आहे.

आणि कार्थेजची पर्पेतुआ, इ.स. २०३. बावीस वर्षांची, अंगावर पिणारं बाळ. तिचं तुरुंगातलं टिपण आपल्यापर्यंत पोचलंय. वडील तिला वाचवायला येतात, एवढं नाकार म्हणून विनवतात. ती समोरच्या पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवते. बाबा, याला याच्या नावाखेरीज दुसरं काही म्हणता येईल का? नाही म्हणतात ते. मग मलाही मी आहे त्याखेरीज काही म्हणता येत नाही. मी हा प्रसंग कितीदा वाचला असेल, तरी त्या बापापाशी दर वेळी अडखळतो.

आणखी एक प्रश्न

केरळात 'नसरानी' ऐकलं आहे. तो 'नासोरी'च का?

उत्तर

हो, तोच. रोमच्या हद्दीत 'ख्रिस्तियानोस' रुजला, पण पूर्वेकडे सिरियाक (अरामी भाषेची एक बोली) बोलणाऱ्यांत 'नासरा'चं कूळ टिकलं. अरबीतला 'नसारा' आणि केरळचा 'नसरानी' हे त्याच घराण्यातले.

एका दगडावर तर हे दोन्ही शब्द शेजारी आहेत. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इराणच्या ससानी दरबारातला कर्तीर नावाचा बडा पुरोहित होता. नक्श-ए-रुस्तमला त्याने कोरून घेतलेल्या लेखात आपण कुणाकुणाला दडपलं याची यादी आहे. त्यात यहुदी आहेत, श्रमण आणि ब्राह्मण आहेत, आणि 'नासरा' व 'क्रिस्तियान' असे दोन वेगळे गट आहेत. एकाच धर्माचे दोन गट का, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. एक खुलासा मला पटतो. ससानी राजा शापूर पहिला याने अंत्युखिया लुटून तिथली माणसं कैद करून इराणात नेली आणि वसवली. 'नासरा' म्हणजे तिथले मूळचे सिरियाक बोलणारे, आणि 'क्रिस्तियान' म्हणजे ही आणलेली, ग्रीक बोलणारी माणसं. त्यांच्यासाठी उठवलेल्या गुंदेशापूरचं जुनं नावच 'अंत्युखियापेक्षा चांगलं, शापूरचं' अशा अर्थाचं होतं. ज्या शहरात हे नाव पडलं, तिथलीच माणसं ते घेऊन बेड्या घातलेल्या पायांनी पूर्वेला गेली.