घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा डीसी दाब रात्री ४०० व्होल्टच्या वर जातो

सहातारी (फोंडा)

नमस्कार. दोन ६व्ही६जीटी, एक १२एवाय७, एक १२एएक्स७ आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) म्हणून ५वाय३जीटी, अशा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) १२ वॅटच्या आसपासचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर मी घरी बांधला आहे. माझा मित्र तियात्रांत (कोकणी संगीत नाटकांत) साथीला गिटार वाजवतो. चवथीनंतरच्या प्रयोगांसाठी तो त्याला हवा आहे. आवाज स्वच्छ आहे, गुणगुणही नाही, परंतु व्होल्टेजचे आकडे आराखड्याशी जुळत नाहीत. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर (डीसी दाब सपाट करणाऱ्या) ३६० व्होल्ट डीसी अपेक्षित असताना संध्याकाळी ३७८ आणि रात्री उशिरा ४०२ व्होल्ट मिळतात. दोन्ही ६व्ही६च्या सामाईक २५० ओहम कॅथोड रेझिस्टरवर रात्री २२ व्होल्ट भरतात आणि खोलीतला दिवा मालवला की डावीकडच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर (आतल्या धातूच्या पत्र्यावर), मधल्या शिवणीजवळ, पुसट लाली दिसते. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (भिंतीकडची गुंडाळी) २२० व्होल्टची असून सेकंडरी (अ‍ॅम्प्लिफायरकडची) ३२५-०-३२५ आहे. कॅथोड रेझिस्टर वाढवून ३३० ओहम करावा, की सेंटर टॅपमध्ये (सेकंडरीच्या मधल्या टोकात) झेनर (ठरावीक दाब अडवणारा डायोड) घालून डीसी दाब उतरवावा?

रेडिओ दुरुस्तीवाले (म्हापसा)

यांपैकी काहीही करण्याआधी, सर्व व्हॉल्व्ह जागेवर असताना, एकाच वेळेचे तीन एसी आकडे घ्यावेत: भिंतीवरच्या सॉकेटचा, हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या, अपेक्षित ६.३ व्होल्ट) दोन टोकांमधला आणि सेकंडरीच्या एका टोकापासून सेंटर टॅपपर्यंतचा. यांत हीटरची साक्ष सर्वांत महत्त्वाची आहे. हीटरचा दाब आणि डीसी दाब एकाच प्रमाणात चढले असतील तर कारण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, म्हणजे भिंतीकडच्या पुरवठ्यात आहे; हीटर ६.३ वर स्थिर राहून केवळ डीसी दाब वाढत असेल तर व्हॉल्व्ह पुरेसा करंट ओढत नाहीत, आणि शोध त्या बाजूला घ्यावा लागेल. आपल्या २२ व्होल्टवरून मात्र करंट कमी नसून जास्तच दिसतो.

हात घालण्यापूर्वी प्लग काढून पहिल्या कपॅसिटरवर मीटर लावा आणि आकडा ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्यावरही तिथे ४०० व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकते.

डिचोलीकर

दोन्ही व्हॉल्व्ह लाल न होता एकच होत असेल, तर दाबाबरोबर आणखी एक शक्यता तपासावी लागेल. आपल्याकडच्या पावसाळी, खाऱ्या हवेत फायबरचा बोर्ड दमट होतो, जुना कपलिंग कपॅसिटरही (आधीच्या टप्प्याचा डीसी अडवणारा) गळू लागतो, आणि मग ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) थोडा धन दाब येऊन तो व्हॉल्व्ह जादा करंट ओढतो. दोन्ही ६व्ही६च्या ५ क्रमांकाच्या, म्हणजे ग्रिडच्या पिनवर चेसिसच्या तुलनेत शून्य डीसी असले पाहिजे. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर त्यांची अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर दोष त्या व्हॉल्व्हचा; त्याच सॉकेटवर राहिली तर सॉकेटच्या आसपासचा.

सहातारी (फोंडा)

दोघांचेही आभार. संध्याकाळी सॉकेटवर २३१, हीटरवर ६.६ आणि सेकंडरीवर ३४१ व्होल्ट मिळाले. रात्री हेच आकडे अनुक्रमे २४६, ७.० आणि ३६३ झाले. जवळच कारखाने आहेत, ते बंद झाले की दाब चढतो असे दिसते. ५ क्रमांकाच्या पिनवर दोन्हीकडे शून्य आहे आणि लाली व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेली.

रेडिओ दुरुस्तीवाले (म्हापसा)

मग निदान स्पष्ट आहे. २४६ ला २२० ने भागल्यास १.१२ येते, ६.३ चे ७.०, ३२५ चे ३६३ आणि ३६० चे ४०२ हे सारे त्याच गुणोत्तरात बसते. आपला ट्रान्सफॉर्मर आणि जोडणी निर्दोष आहे. आपल्याकडचा ठरलेला पुरवठा २३० व्होल्टचा आहे, आणि रात्री तो २४६ पर्यंत चढतो. त्यापुढे २२० ची प्रायमरी तोकडी पडते, एवढेच.

आता व्हॉल्व्हवरचा भार पाहू. २२ भागिले २५० म्हणजे दोघांचे मिळून ८८ मिलिअँपिअर, एकाचे सरासरी ४४. प्लेट आणि कॅथोड यांत ३७० व्होल्ट धरून, स्क्रीनचा (प्लेटच्या अलीकडच्या दुसऱ्या जाळीचा) वाटा वजा केला तरी प्रत्येकी १५ वॅटच्या आसपास उष्णता होते. ६व्ही६जीटीची मर्यादा उत्पादकांच्या जुन्या मापन पद्धतीने १२ आणि नंतरच्या पद्धतीने १४ वॅट आहे. जो व्हॉल्व्ह जोडीदारापेक्षा जास्त ओढतो तो आधी लाल होणारच, तेव्हा जुळलेली जोडी घ्यावी. ३३० ओहमने करंट उतरेल, पण भार हलका झाल्याने डीसी दाब आणखी थोडा चढेल. झेनरने केवळ डीसी दाब उतरेल. दोन्ही उपायांत हीटर ७.० वरच राहील, आणि तो १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आहे. त्यामुळे हे दोन्ही उपाय मला पटत नाहीत.

दाब भिंतीकडूनच उतरवावा. २३० ते १५ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याची प्रायमरी मेन्सवर जोडा आणि सेकंडरी फेजच्या वायरमध्ये, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, उलट दिशेने मालिकेत घाला. रात्री २३० आणि संध्याकाळी २१६ व्होल्ट मिळतील, हीटर ६.६ ते ६.२ राहील. २४ व्होल्टचा घेतल्यास रात्रीचा आकडा अधिक सुबक दिसेल, पण संध्याकाळी हीटर ५.९ पर्यंत घसरेल, म्हणून मधला मार्ग बरा. प्रथम अ‍ॅम्प्लिफायरऐवजी ६० वॅटचा दिवा लावून मोजा. दाब उतरण्याऐवजी चढलेला दिसला तर सेकंडरीची टोके अदलाबदल करावी लागतील. ही सेकंडरी मेन्सच्याच दाबावर असते, म्हणून सारे अर्थिंग केलेल्या धातूच्या पेटीत बंद हवे आणि येणाऱ्या फेजवर फ्यूज हवा.

डिचोलीकर

एक गोष्ट जोडतो. ५वाय३ काही सेकंदांतच तापतो, ६व्ही६ला वेळ लागतो. त्या मधल्या काळात भार नसल्याने कपॅसिटरवर जवळजवळ शिखरदाब (एसीच्या लाटेचा सर्वोच्च दाब) येतो. दाब उतरवल्यानंतरही रात्री सेकंडरीचे ३४० गुणिले १.४१ म्हणजे ४८० व्होल्ट होतात. आपले फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचे असतील तर ते बदला. ५०० चे मिळाले नाहीत तर प्रत्येक जागी ३३ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन मालिकेत घालून प्रत्येकावर २२० किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर जोडा. त्याने दाब दोघांत सारखा वाटला जाईल, आणि प्लग काढल्यावर ते रिकामेही होत राहतील.