फायोल दुकानातही लागू पडतो

व्यवस्थापनाची तत्त्वं मोठ्या कंपन्यांसाठी, घरच्या दुकानाला त्यांचा काय उपयोग, असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. आँरी फायोल खाणकामाचा इंजिनीअर होता. १८८८ मध्ये बुडायला आलेली फ्रेंच खाण कंपनी त्याच्या हाती आली, ती त्यानं सावरली आणि १९१६ मध्ये त्या अनुभवातून व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. कामाची वाटणी, शिस्त वगैरे आहेच, पण 'एका माणसाला हुकूम एकाचाच' हे आमच्या इंदूरच्या नमकीनवाल्यांनी तर भिंतीवर लिहून ठेवावं. गल्ल्यावरून काका म्हणतात, "आधी भोपाळच्या ऑर्डरची शेव भर." तेवढ्यात दादा ओरडतो, "गिऱ्हाईक खोळंबलंय, काउंटरवर ये!" पोरगा अर्धी भरलेली पिशवी तशीच टाकून पळतो, सील करायचं राहतं, शेव सादळते आणि बोलणी त्यालाच बसतात. मग पोरगा बदलतात! त्यानं काय होणार? पॅकिंगचं कोण सांगेल आणि काउंटरचं कोण, हे काका-पुतण्यांनी बसून ठरवावं, आणि तेही दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत.