मदत हवी आहे: १/७२ अंतराळयानाच्या कॉकपिटमधले जेमतेम दिसणारे तपशील कसे रंगवावेत?

नमस्कार मंडळी,

सध्या एका काल्पनिक लढाऊ अंतराळयानाचं १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लॅस्टिकचं मॉडेल जोडायला घेतलं आहे. बाहेरचे बरेचसे भाग अजून स्प्रूवरच (किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) आहेत. आधी कॉकपिट पूर्ण करायचं आहे, कारण कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) एकदा चिकटली की आत ब्रश जाणार नाही.

वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना कन्सोल आहेत, समोर पडद्यांचं पॅनेल आहे आणि आसनामागच्या भिंतीवर नळ्या, झडपा, डबे असं पुष्कळ काही कोरलेलं आहे. बटणं इतकी बारीक की साध्या डोळ्यांना तो भाग नुसता खरखरीत वाटतो. काहीही न चिकटवता सगळं जागेवर ठेवून, वरून कॅनोपी लावून पाहिलं. समोरून पॅनेलचा वरचा काठ दिसतो, बाजूने एक कन्सोल अर्धवट दिसतं. मागची भिंत मात्र वरून डोकावलं आणि उजेड नेमका तिथे पडला तरच दिसते.

तरीही ती भिंत मला रंगवायचीच आहे. आत काय आहे हे ओळखू आलं नाही तरी आत काहीतरी आहे हे नजरेला कळतं, आणि त्यानेच यान खरं वाटायला लागतं असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे ‘दिसणार नाही तर कशाला?’ हा सल्ला नको आहे. मला हवं आहे ते असं काम, जे काचेच्या आड गेल्यावरही थोडंफार वाचता येईल.

थोडा हिशेबही केला. ३० सेंमीवरून हे मॉडेल पाहणं म्हणजे खरं यान साडेएकवीस मीटरवरून पाहण्यासारखं आहे. चांगल्या नजरेला अंशाचा साठावा भाग एवढ्या कोनातला फरक कळतो, म्हणजे ३० सेंमीवर साधारण ०.०९ मिमी. त्या हिशेबाने ०.२ मिमीचा ठिपका दिसायला हवा. मग रंगीत बटणं काढलेली कॉकपिट काचेखाली एवढी काळवंडलेली का दिसतात? मुळातला रंग काळा ठेवावा की नाही? १०/० वगैरे नंबरांचे ते केसाएवढे ब्रश खरंच लागतात का? आणि पडदे चालू असल्यासारखे दिसायला दिवे न बसवता काय करता येईल? माझ्याकडे अॅक्रिलिक रंग आहेत, वॉशसाठी (खाचांत उतरणाऱ्या पातळ गडद रंगासाठी) इनॅमल वापरायची तयारी आहे. एअरब्रश आहे, पण या कामात त्याचा उपयोग प्रायमर आणि वार्निशपुरताच होईल असं वाटतं.

प्रतिसाद १

तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो काळ्या-पांढऱ्याचा आहे. ठिपका दिसणं वेगळं आणि त्याचा रंग कळणं वेगळं. खूप लहान ठिपक्यात डोळ्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, आणि त्यात सगळ्यात आधी हरवतो तो निळा-पिवळा फरक. म्हणून गडद पॅनेलवरचं निळं बटण नुसतं गडद दिसतं आणि पिवळं जवळपास पांढरं. आधी फिकट-गडद ठरवा, रंग त्यानंतर. लाल आणि नारिंगी त्यातल्या त्यात टिकतात.

मुळातला रंग काळा नकोच. कॉकपिटवर मुळातच उजेड कमी पडतो, शिवाय काचेवरचं प्रतिबिंब उरलेला फरक खाऊन टाकतं. काळ्याऐवजी गडद राखाडी घ्या आणि खरा काळा फक्त खाचांसाठी ठेवा. त्यावर मधल्या राखाडीने ड्रायब्रश करा. ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून, उंचवट्यांवरून हलक्या हाताने. तुम्हाला खरखरीत वाटणारी बटणं यानेच एकेक सुटी दिसू लागतील. हातात धरून पाहताना हे सगळं जरा भडक वाटेल. तसंच राहू द्या, काच लागली की ते बेताचं दिसतं.

ब्रशबद्दल: केसाएवढ्या ब्रशच्या पोटात रंगच मावत नाही आणि टोकावरचा अॅक्रिलिक मॉडेलपर्यंत पोचायच्या आत सुकतो. १ नंबरचा, चांगलं टोक धरणारा सेबल ब्रश घ्या. पोटात रंग राहतो आणि टोक लागेल तेवढंच टेकतं. ओली पॅलेट (ओल्या स्पंजवर कागद ठेवलेली) वापरा आणि रंगात किंचित रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, घाला. सुट्या ठिपक्यांसाठी टोकदार टूथपिक किंवा तापवून ताणलेल्या स्प्रूची तार ब्रशपेक्षा भरवशाची, कारण दर वेळी तेवढाच थेंब येतो.

ड्रॉइंगची बारीक पेनंही उपयोगी पडतात. पिग्मा मायक्रॉनचं ००५ घेतलंत तर त्याची रेघ ०.२० मिमीची असते, ०.०५ ची नाही. १/७२ मध्ये ते साधारण दीड सेंमी होतं, म्हणजे खऱ्या बटणाचंच माप. वार्निश मारण्याआधी शाई पूर्ण सुकू द्या आणि एका टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्या.

प्रतिसाद २

भिंगाचं मी सांगतो. डोक्याला लावायचं भिंग घेताना जास्त ताकदीचं घ्यावंसं वाटतं. पण ३.५ पटीचं भिंग जेमतेम १० सेंमीवर फोकस होतं आणि तेवढ्या जागेत ब्रश धरलेला हात नीट फिरत नाही. १.७५ पटीचं सुमारे ३५ सेंमीवर चालतं, रंगकामाला तेच सोयीचं. भिंगाखाली रंगवा, पण जमलं की नाही हे भिंग काढून, हात लांब करून ठरवा. मोबाईलच्या मॅक्रो फोटोवरून तर अजिबात ठरवू नका. त्यात कुणालाही कधी न दिसणारी खोट दिसते आणि माणूस चांगलं झालेलं काम पुन्हा रंगवत बसतो.

प्रतिसाद ३

इनॅमल वॉशआधी ग्लॉस वार्निशचा थर द्या आणि तो पूर्ण सुकू द्या. वॉश खाचांत आपोआप धावतो, वर सांडलेला थिनरच्या ओलसर कापसाने पुसता येतो. मात्र थिनरचं तळं साचू देऊ नका, विशेषतः भाग घट्ट दाबून बसवलेले असतील तिथे. ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये थिनर झिरपलं की तडे जातात. एबीएस या प्लॅस्टिकचे भाग असतील तर जास्तच जपा.

पडद्यांसाठी क्रम असा: आधी पांढरा किंवा चंदेरी, त्यावर पारदर्शक हिरवा किंवा नारिंगी, मग काळ्या पेनाने एकदोन रेघा. संपूर्ण कॉकपिटला मॅट वार्निश देऊन झालं की अगदी शेवटी पडद्यांवर तेवढा ग्लॉसचा थेंब ठेवा. आजूबाजूचं सगळं मॅट आणि पडदा चकचकीत, यामुळे तो बाहेरचा उजेड पकडतो आणि चालू असल्यासारखा वाटतो.

कॅनोपीला सुपरग्लू लावू नका. त्याच्या वाफेने काच पांढरट होते आणि आतलं सगळं काम झाकलं जातं. पांढरा पीव्हीए गोंद पुरतो. चिकटवण्याआधी आतली धूळ मात्र नीट झटका.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. निळ्या बटणांचं तर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आता नियंत्रणांसाठी नारिंगी आणि मळकट पांढरा एवढेच घेईन. एक प्रश्न उरला. मागच्या भिंतीवरच्या नळ्या आणि डब्यांना कोणते रंग द्यायचे? सूचनापत्रकात अख्खी भिंत एकाच राखाडीत दाखवली आहे.

प्रतिसाद १

तिथे तुम्हाला मोकळं रान आहे. सिनेमांसाठी बनलेल्या कितीतरी मूळ यानांवर रणगाड्यांच्या आणि गाड्यांच्या बाजारी किटचे सुटे भाग चिकटवलेले असत, त्या तुकड्यांना यानात काही ठरलेलं काम नव्हतं. तुम्ही मात्र काम ठरवून घ्या. समजा ही नळी थंडाव्याची, हा डबा प्राणवायूचा. मग एका कामाच्या सगळ्या नळ्यांना एकच रंग द्या आणि भिंतीवर तीनपेक्षा जास्त रंग येऊ देऊ नका. सगळ्यात फिकट रंग वरच्या भागात ठेवा, कारण तुम्हीच म्हणालात तसं भिंत दिसते ती वरून. तिथून उजेड पोचेल तेवढ्याच पट्ट्यात ड्रायब्रश जोरात करा, खाली वॉश पुरेसा आहे.