अरबी उच्चार शिकण्यासाठी सल्ला हवा आहे : ऐन, मोठा 'हा', क़ाफ़ आणि जड व्यंजने

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी परिचारिका आहे आणि येत्या काही महिन्यांत रियाधमधील एका रुग्णालयात रुजू होणार आहे. अरबी लिपी शिकून झाली आहे, सावकाश वाचता येते आणि रुग्णालयात लागणारे नेहमीचे शब्दही पाठ झाले आहेत. मात्र मी उच्चारलेला शब्द ऐकणाऱ्याला कळेलच याची खात्री नाही. मला ऑनलाइन शिकवणाऱ्या जॉर्डनच्या बाई सांगतात की माझा 'क़ल्ब', म्हणजे हृदय, त्यांना 'कल्ब', म्हणजे कुत्रा, असा ऐकू येतो. रक्तदाबासाठीचा 'दग़्त' हा शब्द तर त्यांना संदर्भाशिवाय ओळखूच येत नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अवघड ध्वनींचा सराव कोणत्या क्रमाने करावा? गावातील एक उर्दूचे शिक्षक शिकवायला तयार आहेत, त्यांच्याकडे जावे का? आणि घरच्या घरी, कामाच्या पाळ्या सांभाळून, स्वतःचे उच्चार तपासण्याची काही पद्धत आहे का?

भाषावेध

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण तेथे वेळ वाया जाण्याचा धोका अधिक आहे. उर्दूने अरबी अक्षरे घेतली, पण त्यांचे सगळे ध्वनी घेतले नाहीत. अरबीतील ज़ाल, ज़ाय, दाद आणि जड ज़ा ही चार अक्षरे उर्दू बोलणारा एकाच 'ज़'ने उच्चारतो. सा, सीन आणि साद ही तिन्ही 'स' होतात. घशातून निघणारा ऐन जवळजवळ नाहीसा होतो. अरबांचा 'रमदान' आपल्याकडे 'रमज़ान' झाला तो याच वाटेने. त्यामुळे ते शिक्षक लिपीसाठी आणि शब्दसंग्रहासाठी उत्तम असतील, पण उच्चारांसाठी, त्यांनी अरबी स्वतंत्रपणे शिकलेली नसेल तर, आपल्या जॉर्डनच्या बाईच बऱ्या.

आता मुख्य मुद्दा. मराठी माणसाची खरी अडचण अशी आहे की अरबीतील बहुतेक अवघड ध्वनींना मराठीत एकेक जवळचा शेजारी आहे आणि जीभ नकळत त्याच्याच दारी जाऊन थांबते. ख़ासाठी आपण 'ख' म्हणतो, ग़ैनसाठी 'घ' किंवा 'ग', सासाठी 'थ', मोठ्या 'हा'साठी साधा 'ह' आणि जड 'ता'साठी बहुतेक जण सरळ 'ट'. ऐकणाऱ्याला यांतला एकही ध्वनी त्याच्या भाषेतला वाटत नाही, आणि आपल्याला मात्र सगळे जमल्यासारखे वाटते.

म्हणून पहिली कसोटी श्वासाची ठेवावी. मराठी ख, घ, थ हे स्पर्शवर्ण आहेत. हवा अडते, सुटते आणि ध्वनी संपतो. अरबी ख़ा, ग़ैन आणि सा हे घर्षक आहेत, म्हणजे श्वास असेपर्यंत ते लांबवता आले पाहिजेत. 'ख़ऽऽऽ' असा सलग आवाज काढता येत नसेल, मध्येच हवा अडून 'ख' बाहेर पडत असेल, तर तो ख़ा नव्हे. ख़ा स्थिर झाला की तोंडाची ठेवण तशीच ठेवून त्यात घोष, म्हणजे गळ्यातले कंपन, मिळवावा, म्हणजे ग़ैन मिळतो. ख़ाली म्हणजे रिकामे आणि ग़ाली म्हणजे महाग, ही जोडी त्यासाठी चांगली आहे. सा आणि ज़ाल यांच्यासाठी आरसा समोर धरावा. जिभेचे टोक वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये दिसले पाहिजे.

मोठा 'हा' बहुतेकांना फसवतो, कारण आपला 'ह' सघोष आहे. 'हात' म्हणताना गळ्यावर बोट ठेवून पाहा, कंपन जाणवते. अरबीतील दोन्ही 'हा', लहान आणि मोठा, साधारणपणे अघोष असतात. तेव्हा आधी कंपनाशिवायचा, नुसत्या हवेचा 'ह' साधावा, आणि मग घशाचा मधला भाग आवळून तीच हवा अरुंद वाटेने जाऊ द्यावी. कुजबुजता पण खरखरीत असा जो आवाज येईल, तो मोठा 'हा'. त्याच ठिकाणी घोष मिळवला की ऐन होतो. म्हणजे ऐन हा 'अ'चा प्रकार नसून मोठ्या 'हा'चा सघोष जोडीदार आहे, आणि म्हणूनच क्रमात तो मोठ्या 'हा'नंतर यावा असे माझे मत आहे. बहुतेक वर्गांत थेट ऐनपासून सुरुवात करतात आणि विद्यार्थी नुसता घसा ताणत राहतो.

साद, दाद, ता आणि ज़ा या जड व्यंजनांत जीभ मागे वळवायची नसते. तेथेच 'ट' चुकतो. जिभेचे टोक 'त', 'स' यांच्याच जागी, दातांपाशी राहते (जड ज़ाच्या वेळी दातांच्या मध्ये), आणि त्याच वेळी जिभेचा मागचा भाग घशाकडे ओढला जातो. फरक व्यंजनापेक्षा शेजारच्या स्वरात अधिक ऐकू येतो: सीनचा 'सैफ़' म्हणजे तलवार, त्यात 'ऐ' उघडा आहे, सादचा 'सैफ़' म्हणजे उन्हाळा, त्यातला स्वर 'ऑइ'कडे झुकतो. तीन म्हणजे अंजीर आणि जड 'ता'चा तीन म्हणजे चिखल, ही जोडीही याच कारणासाठी ऐकावी. स्वर बदलला नाही तर व्यंजन कितीही जोरात म्हटले तरी अरबी कानाला ते हलकेच वाटते. क़ाफ़साठी 'क'ची जागा पडजिभेपर्यंत मागे न्यावी आणि त्यात श्वासाचा झोत अजिबात सोडू नये.

देवनागरीत उच्चार लिहून पाठ करत असाल तर ते आजच थांबवावे. 'अलम' असे लिहिले की हम्ज़ाने, म्हणजे घशात आवाज क्षणभर अडवणाऱ्या खटक्याने, सुरू होणारी वेदना आणि ऐनने सुरू होणारा ध्वज हे दोन्ही शब्द कागदावर एकच होतात, आणि मग तोंडातही एकच होतात. वर मी जे लिहिले आहे तेही याच दोषाने ग्रासलेले आहे, पण येथे इलाज नाही.

दापोलीकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. आमच्या कोकणी मुस्लिम घरांत लहानपणी तज्वीद, म्हणजे कुराणपठणाचे उच्चारशास्त्र, शिकवतात. त्यातली एक युक्ती येथे उपयोगी पडेल. कोणत्याही व्यंजनाची नेमकी जागा, म्हणजे त्याचा मख़्रज, शोधायचा असेल तर त्याच्यापुढे स्वर लावू नये. मागे हम्ज़ा आणि 'अ' लावून व्यंजन हलंत म्हणावे: अक़्, अख़्, अस्, अत्. आवाज जेथे थांबतो तीच त्याची जागा. 'क़ा', 'ख़ा' असे म्हटले की पुढचा स्वर जीभ ओढून नेतो आणि जागा निसटते.

तज्वीदमध्ये घशाचे तीन भाग मानतात. सर्वांत खोल भागातून हम्ज़ा आणि लहान 'हा', मधल्या भागातून ऐन आणि मोठा 'हा', तोंडाजवळच्या भागातून ग़ैन आणि ख़ा. सराव या क्रमाने केला तर सहा ध्वनी तीन जोड्यांत बसतात. आठव्या शतकात बसऱ्याच्या ख़लील इब्न अहमदने अरबी शब्दकोशाची मांडणी अक्षरांच्या रूढ क्रमाने न करता घशापासून ओठांपर्यंत अशी केली आणि आरंभ ऐनपासून केला. आपल्या वर्णमालेतही क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचा प्रवास आतून बाहेर असाच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये.

ऐकण्यासाठी इजिप्तचे महमूद ख़लील अल्-हुसरी यांचे संथ पठण सुचवेन. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवला तरी इतके स्वच्छ, सुटे उच्चार अन्यत्र सहसा मिळत नाहीत.

वाळूवारा

दापोलीकरांचे म्हणणे जागा शोधण्यापुरते मान्य आहे, पण पठण ऐकून बोलणे शिकू नये. पठणात स्वर ठरावीक मात्रांपर्यंत लांबवतात, 'न' नाकात घोळवतात. रुग्णाशी तसे बोललात तर तो चकित होऊन पाहत राहील.

मी रियाधमध्ये बराच काळ रुग्णालयीन प्रशासनात काम केले, त्यावरून सांगतो. पुस्तकातला क़ाफ़ तेथील बोलीत बहुधा 'ग' होतो. हृदयाला रुग्ण 'गल्ब' म्हणेल, कैरोचा डॉक्टर क़ाफ़च्या जागी हम्ज़ा घालून 'अल्ब' म्हणेल, आणि दूरचित्रवाणीवरचा निवेदक 'क़ल्ब'. तिन्ही एकच शब्द आहेत. ताईंना क़ाफ़ छळत असेल तर तेथे 'ग' म्हणून वेळ निभावेल. 'क' म्हणून मात्र नाही. सुईला किंवा इंजेक्शनला इजिप्शियन सहकारी 'हुअ्ना' म्हणतील, तर स्थानिक रुग्ण 'इब्रा'. दाद आणि जड ज़ा हे रियाधच्या बोलीत एकच झालेले आहेत, दोन्ही दातांमधून निघणाऱ्या जड ज़ासारखे. त्यामुळे तुमचा 'दग़्त' रुग्णाच्या तोंडी 'ज़ग़्त'सारखा ऐकू येईल. घाबरू नये, तो रक्तदाबच आहे.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. मध्य अरबस्तानातील जुन्या नज्दी बोलीत काही शब्दांतला 'क' हा 'चमचा'तल्या 'च'सारखा होतो. हा ध्वनी इजिप्शियन सहकाऱ्यांना जड जातो आणि मराठी माणसाला अगदी सहज येतो.

भाषावेध

वाळूवारा यांनी योग्य वेळी लक्ष वेधले. एक गोष्ट माझ्याकडून पुरेशी मांडली गेली नव्हती: ऐन आणि क़ाफ़ यांची भीती सर्वांना वाटते, पण समजण्यातला घोळ बहुतेकदा स्वरांच्या लांबीमुळे आणि द्वित्तामुळे होतो. बोलल्या जाणाऱ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इ-उ मुळे अर्थ क्वचितच बदलतो, त्यामुळे आपला कान त्याबाबत सैल आहे. अरबीत 'मतर' म्हणजे पाऊस आणि 'मतार' म्हणजे विमानतळ. 'हमाम' म्हणजे कबुतरे आणि 'हम्माम' म्हणजे स्नानगृह. रुग्णाला स्नानगृहाकडे नेताना 'म' दुप्पट झालाच पाहिजे. सुदैवाने पक्का, हट्टी, कच्चा असे शब्द आपण रोज म्हणतो, त्यामुळे द्वित्त जिभेला येते. फक्त ते सोडून न देण्याची सवय लावावी लागते.

तपासणीसाठी दोन साधने सुचवतो. फोर्वो या संकेतस्थळावर वेगवेगळ्या देशांतील अरबी भाषकांनी म्हटलेले सुटे शब्द ऐकता येतात, आणि बोलणारा कोणत्या देशाचा हेही दिसते. आपण सौदी आवाज निवडावेत. दुसरे म्हणजे प्रात, हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले ध्वनिविश्लेषणाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मूळ उच्चार आणि स्वतःचा उच्चार एकाखाली एक ठेवून स्वरांची लांबी डोळ्यांनी पाहता येते, आणि 'हा' म्हणताना घोष सुटला की नाही हेही कळते. मात्र आधी आठवडाभर तरी नुसते ऐकावे. एखाद्याला शब्दांची जोडी उलटसुलट वाजवायला सांगून कोणता शब्द कोणता ते ओळखावे. ओळखता येईपर्यंत म्हणण्याची घाई करू नये. जो फरक कानाला कळत नाही तो तोंडाला येत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उर्दूच्या शिक्षकांकडे आता केवळ वाचनासाठी जाईन. एक शंका उरली आहे. शब्दाच्या शेवटी ऐन आला, उदाहरणार्थ 'वजअ' म्हणजे दुखणे किंवा 'सुदाअ' म्हणजे डोकेदुखी, की माझा तो गळूनच पडतो; आणि जोर लावला तर घसा दुखतो. हे सरावाने कमी होईल का?

दापोलीकर

घसा दुखत असेल तर आवळणे जास्त होत आहे किंवा खालच्या भागात होत आहे. ऐन हा अडवलेला आवाज नाही. त्याच्यात आवाज चालू राहतो, केवळ दबतो. 'सुदाअ' म्हणताना 'दा'वर थोडे थांबावे, आणि आवाज तोडण्याऐवजी जिभेचे मूळ मागे नेऊन तो अरुंद करत संपवावा. शेवटी खटका ऐकू आला तर तो हम्ज़ा झाला असे समजावे. दिवसातून दोनदा, थोडा वेळ आणि हळू आवाजात करावे. मोठ्याने केल्यास घसा लगेच आवळतो. शब्दाच्या शेवटचा ऐन जमला नाही तोवर मधल्या ऐनवर सराव करावा, जसे 'मअिदा' म्हणजे जठर. दोन स्वरांमध्ये तो सापडणे सोपे जाते, आणि हा शब्द आपल्याला रोज लागणारच आहे.