आमचा सुदानी भाडेकरू अरब की आफ्रिकन? दारफुरबद्दल विचारायचं आहे

वानवडीची काकू

नमस्कार मंडळी. आमच्या वानवडीतल्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये गेली चार वर्षं एक सुदानी मुलगा राहतो. फार्मसी शिकायला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मला 'खालती' म्हणतो, त्यांच्याकडे मावशीला तसं म्हणतात. त्याचं घर सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर भागात, अल-जिनैना शहरात होतं. होतं म्हणते, कारण जून 2023 मध्ये ते जाळलं. आई आणि दोन बहिणी पायी चालत चाड देशातल्या आद्रे गावी पोचल्या. मोठा भाऊ त्यांच्याबरोबर निघाला होता, तो पोचला नाही. त्याबद्दल मी विचारत नाही आणि तोही बोलत नाही.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याचा विषय निघाला. दोन महिन्यांचं भाडं थकलंय ते माझं मी बघेन. पण एक गृहस्थ म्हणाले, "तिकडे अरब आणि आफ्रिकन एकमेकांना कापतायत. तुमचा त्यातला कुठला? त्यांची भांडणं इथे जिन्यात नकोत." नवा करार करूच नका, असंही सुचवलं. मला राग आला, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. तेच जास्त लागलंय.

घरी येऊन मी त्यालाच विचारलं. म्हणाला, "मी मसालीत. अरब नाही." पण हा अरबी बोलतो, पाच वेळा नमाज पढतो. ज्यांनी घर जाळलं तेही अरबी बोलणारे, नमाज पढणारे, आणि बातम्यांतले फोटो पाहिले तर रंगही ह्याच्यासारखाच. मग कोण अरब आणि कोण आफ्रिकन, हे तिथल्या माणसांना तरी कसं कळतं? जाणकारांनी सांगावं. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे.

माणदेशी

काकू, तोंडाकडे बघून हे कळायचं नाही, जमिनीकडे बघून कळेल. मी इतिहास शिकवतो आणि गाव माणातलं, म्हणून धनगरांवरूनच सांगतो. आमच्याकडे सुगी झाली की शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतो. रानाला खत होतं, धनगराला धान्य मिळतं. दारफुरात पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं होतं. फुर आणि मसालीत हे शेतकरी, बाजरी पिकवणारे. उत्तरेकडचे काही रिझेगात उंटवाले, ते स्वतःला अरब म्हणवतात. कापणी झाली की उंट खाली येऊन धाटं खायचे, रानात खत पडायचं, बाजारात देवघेव व्हायची, सोयरिकीही व्हायच्या.

आणि ह्या जाती-जमाती दगडावर कोरलेल्या नव्हत्या. एखाद्या फुर शेतकऱ्याकडे गुरं वाढली की तो गुराखी बग्गारा अरबांबरोबर फिरायला लागायचा, त्याच्या मुलाबाळांची गणती पुढे अरबांत व्हायची. झगावा लोक स्वतः उंट-गुरं राखणारे, तरी आज ते 'आफ्रिकन' गणले जातात. मसालीतांची घरची भाषा वेगळी आहे, अरबी त्यांना शाळेची नि बाजाराची. तुमच्या मुलाला विचारून बघा, आईशी तो कुठल्या भाषेत बोलतो.

आता जमिनीचं. दारफुर म्हणजे फुरांचा मुलूख. 1916 पर्यंत ती स्वतंत्र सल्तनत होती, त्या वर्षी इंग्रजांनी सुलतान अली दिनारला मारून ती सुदानला जोडली. 'दार' म्हणजे त्या जमातीचा हक्काचा मुलूख. शेतकऱ्यांना दार होतं, दक्षिणेतल्या गुराखी अरबांनाही होतं. उत्तरेच्या बहुतेक उंटवाल्यांना मात्र नव्हतं, त्यांच्याकडे फक्त वाटा होत्या. 1984-85 च्या दुष्काळात उत्तरेचं रान करपलं आणि उंट कापणीच्या आधीच खाली आले. शेतकऱ्यांनी कुंपणं घातली, चारा जाळला. ज्यांच्या हातात वाटेशिवाय काही नव्हतं, त्यांची वाटही गेली. लिबिया आणि चाडच्या लढायांमुळे त्या भागात बंदुकाही येऊन पडल्या होत्या.

सिंहगड रोड

माणदेशी सर, तुमचं सगळं पटलं, पण दुष्काळावर थांबू नका. बहात्तरचा दुष्काळ आपणही सोसला, म्हणून कुणी शेजारचं गाव पेटवलं नाही. चाऱ्यावरून मारामारी होते. गावंच्या गावं जाळायला सरकार लागतं.

2003 मध्ये दारफुरात बंड झालं. मागण्या साध्या होत्या, आमच्या भागाकडे राजधानी खार्तुम बघत नाही. ओमर अल-बशीरच्या सरकारने उंटवाल्या टोळ्यांना हत्यारं दिली, पगार दिला, वरून विमानांनी बॉम्ब टाकले. ह्या टोळ्या म्हणजे जंजावीद. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने तेव्हा सुमारे 3 लाख माणसं गेली. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने बशीरवर वॉरंट काढलं. तरी 2013 मध्ये त्याच टोळ्यांना गणवेश चढवून 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' नावाचं निमलष्करी दल केलं गेलं. प्रमुख हेमेदती, उंटांचा व्यापार करणाऱ्या घरातला. 2019 मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि बशीर पडला. 2021 मध्ये हेमेदती आणि लष्करप्रमुख बुरहान ह्या दोघांनी मिळून सत्ता बळकावली, आणि 15 एप्रिल 2023 ला तेच दोघे एकमेकांवर उठले.

म्हणजे काकू, आजचं युद्ध दोन जनरलांचं आहे. दारफुरात मात्र त्या आडोशाने हेमेदतीच्या फौजेने आणि तिच्या साथीदार टोळ्यांनी जुना हिशोब पुरा केला. अल-जिनैनात 2023 मध्ये 10 ते 15 हजार माणसं मारली गेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि मसालीतांना वेचून मारलं. आद्रेच्या वाटेवर, ती वाट जेमतेम 30 किलोमीटरची, पळणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या. 2025 च्या ऑक्टोबरात दारफुरातलं अल-फाशेर शहरही त्याच फौजेच्या हाती पडलं, तिथे पुन्हा तेच. देशभरात 1 कोटीहून जास्त माणसं घराबाहेर पडली. त्यात खार्तुमचे, वद मदनीचे, स्वतःला अरब म्हणवणारेही लाखोंनी आहेत. त्या गृहस्थांना हे नक्की सांगा, घर सुटलेल्यांत दोन्हीकडचे आहेत.

खडकवासला

मी फार शिकलेला नाही, पण एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीच्या, कँटीनला भाजी पुरवायचो, म्हणून एक गोष्ट माहीत आहे. एनडीएची ती घुमटाची मोठी इमारत आहे ना, लाल दगडाची, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी आपले जवान लढले, त्यांच्या आठवणीत सुदानने 1 लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले 70 हजार भारताच्या वाट्याला आले, ते त्या इमारतीत आहेत. 1959 मध्ये सुदानच्या राजदूतांनी उद्घाटन केलं. आणि 1953 ला सुदानची पहिली निवडणूक घ्यायला आपले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते. काकू, मीटिंगमध्ये हे सांगाच. ज्यांच्या पैशाने आपल्या गावात इमारत उभी राहिली, त्यांच्या पोराला आपण खोली नाकारायची का?

वानवडीची काकू

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटिंग झाली. मी कागदावर लिहून नेलं होतं, सगळं वाचलं नाही. मेंढरांचं सांगितलं आणि सुदान ब्लॉकचं सांगितलं. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण त्यांच्या पत्नीने नंतर जिन्यात थांबवून आद्रे कुठे आहे ते विचारलं. मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. अकरा महिन्यांचा करार मी कालच नवा केला. भाडं जमेल तसं देईल.

माणदेशी सर, तुमचं बरोबर आहे. आईशी तो मसालीतमध्ये बोलतो. चार वर्षं मी ते अरबीच समजत होते.

आज त्याने माझ्या तव्यावर किसरा केला. ज्वारीचं पीठ रात्रीच आंबवायला ठेवलं होतं, आपल्या आंबोळीसारखं. पसरवायला प्लास्टिकच्या फाइलच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून आणला होता आणि त्याने इतकं पातळ ओढलं की खालचा तवा दिसत होता. पहिले दोन फाटले. तिसऱ्याचा फोटो त्याने आईला पाठवला. तासाभराने तिचा आवाजी निरोप आला. हसत काहीतरी म्हणाली, मग त्याने मला सांगितलं, पीठ अजून पातळ हवं होतं म्हणते.