सल्ला हवा: सॅन इल्डेफॉन्सो पद्धतीचं काळं मडकं (चाक नाही, ग्लेझचा काचेसारखा लेप नाही)

मातीगोटा: अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सॅन इल्डेफॉन्सो पुएब्लोत (मूळ रहिवाशांच्या वस्तीत) मारिया आणि ज्युलियन मार्टिनेझ यांनी १९१९-२० च्या सुमारास घडवलेली काळ्यावर काळी नक्षी शिकायची आहे. पुण्याजवळ करणार आहोत, वीतभर उंचीची भांडी. माती कुठली घ्यावी? चकाकी भाजणीनंतर टिकत नाही, ती का?

वळीवर_वळी: शेतातली काळी माती नको. ती सुकताना फार आकसते, तडे जाणारच. कुंभार वापरतात ती तांबूस माती भिजवून बारीक चाळणीतून गाळा. सॅन इल्डेफॉन्सोला मातीत ज्वालामुखीची बारीक राख मिसळतात. ती इथे मिळणार नाही, पण न्यू मेक्सिकोतल्याच ॲकोमा पुएब्लोचे कुंभार जुन्या खापऱ्या कुटून घालतात, तसं करा. चार वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली पूड, इथून सुरुवात करा आणि आधी छोट्या वड्या भाजून बघा. पूड जाड राहिली की घोटताना कण वर येतात आणि चरे पडतात.

तळ घडवायला उथळ वाडगा लागतो. सॅन इल्डेफॉन्सोच्या लोकांच्या तेवा भाषेत त्याला पुकी म्हणतात. त्यात मातीची पोळी दाबून बसवायची आणि वर बोटाएवढ्या जाड वळ्या चढवायच्या. दोन-तीन वळ्या झाल्या की थांबा. खालचा भाग थोडा आवळला नाही तर भिंत बसते. सांधे चिमटीने मोडून भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने आतून बाहेर ढकलत खरवडा, पोट त्यानेच येतं.

घोटाई: चकाकीचं उत्तर निम्मं घोटण्यात आहे, निम्मं आचेत. मडकं पूर्ण सुकल्यावर घासून गुळगुळीत करा. मग लोह असलेल्या तांबड्या मातीचं निथळलेलं पातळ पाणी चार-पाच हात द्या आणि लेप ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटा. मध्ये थांबायचं नाही. अर्ध्यावर लेप सुकला तर पट्टे उमटतात, मग सगळा लेप पुसून पुन्हा पहिल्यापासून. नक्षी काढायची ती घोटाई संपल्यावर, मातीपासून केलेल्याच रंगाने. रंगवलेला भाग मॅट राहतो, बाकीचा चमकतो. या भांड्यांवर दिसणारा अवान्यू हा शिंगांचा जलसर्प तेवा लोकांच्या श्रद्धेतला आहे, तो उचलू नका. स्वतःची नक्षी करा.

लीद_आणि_धूर: भाजणीबद्दल. आच साधारण ६५० ते ७५० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेली की घोटलेला थर निस्तेज होतो. बहुतेकांची चकाकी इथेच जाते, विजेच्या भट्टीत हजारावर नेतात म्हणून.

आधी भांडी उन्हात तापवा, आत ओल राहिली तर वाफेने फुटतात. लोखंडी जाळी विटांवर उचलून त्यावर भांडी पालथी मांडा. खाली सुकं लाकूड, भोवती पत्रे, बाहेरून गोवऱ्या. गोवरी भांड्याला चिकटून ठेवू नका, डाग पडतो. आच चढली की कुटून भुगा केलेली सुकी घोड्याची लीद झटपट सगळ्या बाजूंनी ओता आणि वरून राखेने भेगा बुजवा. हवा तुटली की मातीतलं तांबडं लोह काळं होतं आणि धुरातला कार्बन छिद्रांत बसतो. लीद ओतलीच नाही तर तेच मडकं तांबडं निघतं. तासभर तरी उघडू नका. कुठे फट राहिली तर तिथे करडा किंवा तपकिरी पट्टा येतो. वारा असेल तर त्या दिवशी पेटवूच नका, आणि पावसाळ्यात तर नकोच.

मातीगोटा: आभार. यात पाणी ठेवता येईल?

लीद_आणि_धूर: नाही. पाणी झिरपतं आणि घोटाईवर पांढरट डाग उठतात. स्वयंपाकाला हवं असेल तर ताओस आणि पिकुरीस या न्यू मेक्सिकोतल्या दुसऱ्या पुएब्लोंची अभ्रकयुक्त भांडी बघा. तिथल्या मातीतच अभ्रक असल्याने वेगळी पूड लागत नाही आणि ती थेट आचेवर चालतात. तो धागा वेगळा काढा.