जुन्या ट्रकचा पॉवर स्टीअरिंग पंप गळतोय, सील बदलू की पंपच?

चाकावरचा_माणूस:
मंडळी, सल्ला हवाय. जुना डिझेल ट्रक आहे. पंप पट्ट्यावर फिरतो आणि ऑइलची पत्र्याची टाकी पंपालाच जोडलेली आहे. टाकी भरून ठेवली तरी पातळी उतरत जाते. सकाळी थंड इंजिनवर स्टीअरिंग वळवलं की कण्हल्यासारखा आवाज येतो आणि पंपाचं बूड कायम ओलं असतं. गाडी रोज लोड घेऊन चालते, त्यामुळे काम एकदाच आणि नीट करायचंय. नुसतं सील बदलून भागेल का? आणि पुली दाबून बसवलेली आहे, पुढे नट नाही. ती काढायची कशी?

तेलकट_हात:
भाऊ, बूड ओलं आहे एवढ्यावरून पंप खोलायला घेऊ नका. गळती वर कुठेही असली तरी ऑइल ओघळून तिथेच जमतं. आधी सगळा भाग धुऊन कोरडा करा. मग इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टीअरिंग वळवायला सांगा आणि तुम्ही बॅटरी घेऊन बघा. रिटर्न पाइपचा क्लिप, प्रेशर पाइपचा जोड, टाकी आणि पंप यांच्यामधली ओ-रिंग (गोल रबरी कडी) आणि शेवटी शाफ्टचं सील, वरून खाली या क्रमाने. चालू इंजिनवर प्रेशर पाइप हाताने चाचपू नका. स्टीअरिंग टोकाला गेलं की दाब ७० ते १०० बारवर जातो, मोठ्या गाड्यांत त्याहूनही वर. बारीक फवारा कातडी फोडून आत शिरतो, आणि मग थेट दवाखाना गाठावा लागतो.

शाफ्टचं सील गेलं असेल तर खूण पक्की असते. पुली ऑइल भिरकावते, त्यामुळे पुलीच्या रेषेत बॉनेटच्या आतल्या बाजूला आणि शेजारच्या ब्रॅकेटवर काळा तेलकट पट्टा उमटतो. तो दिसला की इंजिन बंद करून पुली धरून वर-खाली हलवा. खेळ लागला, म्हणजे पुली सैल हलली, तर शाफ्टला आधार देणारं आतलं बुश झिजलंय. नवीन सीलही हलत्या शाफ्टवर टिकणार नाही, पंपच बदला. खेळ नसेल तर सील किटने काम होतं.

घाटउतार:
गळती थांबवणारं औषध मिळतं ते टाकून बघा की. रबर मऊ पडतं आणि गाडी चालू राहते.

तेलकट_हात:
रबर कडक झालं असेल तर काही काळ चालेल, पण बुश झिजलं असेल तर काडीचा उपयोग नाही. यांची गाडी रोज लोडवर आहे. ऑइल संपलं तर स्टीअरिंग फिरतं, पण दगडासारखं जड होतं, आणि भरल्या गाडीने वळणावर ते झालं तर माणूस जातो. गळकं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आगही लागते. मी हा मार्ग कुणालाच सांगणार नाही.

चाकावरचा_माणूस:
धुऊन बघितलं. बॉनेटखाली तो तेलकट पट्टा आहे आणि पुलीला खेळही आहे. म्हणजे पंपच बदलायचा. पुलीचं सांगा.

तेलकट_हात:
काढण्याआधी शाफ्टचं टोक आणि पुलीचा चेहरा यांच्यातलं अंतर मोजून लिहून ठेवा. नवीन पंपावर पुली तेवढीच बसली पाहिजे, नाहीतर पट्टा तिरका चालतो. पुलीच्या गळ्याला धरणारा खास पुलर घ्या. तीन पायांचा साधा पुलर कडा वाकवतो. बसवताना शाफ्टच्या आतल्या आट्यांत स्क्रू फिरवून पुली दाबत न्यायची. हातोडा अजिबात नाही, प्रत्येक ठोका आतल्या रोटर आणि पात्यांवर जातो आणि नवा पंप गाडीला लागायच्या आधीच बिघडतो.

पुष्कळदा नव्या पंपासोबत टाकी येत नाही, जुनीच लावावी लागते. तिच्या तळाला बोट फिरवून बघा, करडा चिखल लागेल. तो झिजलेल्या पंपाचा चुरा. टाकी स्वच्छ करा, ओ-रिंग नवी टाका, फिल्टर असेल तर बदला. मग रिटर्न पाइप बाटलीत सोडून लाइनमधलं जुनं ऑइल पूर्ण काढा. लोक इथेच घाई करतात, आणि नवीन पंप आधीच्याच चुऱ्याने जातो. ऑइल गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना वेगळं लागतं, दोन्ही मिसळू नका.

गिअरवाला:
ज्यांचा पंप पट्ट्यावर नसून इंजिनच्या गिअरवर आहे त्यांच्यासाठी: तिथे शाफ्टचं सील गेलं की बाहेर थेंबही दिसत नाही, ऑइल इंजिनात उतरतं. टाकी रिकामी होतेय आणि इंजिन ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर पातळी चढतेय, असं दिसलं की समजा.

चाकावरचा_माणूस:
पंप बसला. हवा कशी काढू?

तेलकट_हात:
पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या. इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, टाकी भरती ठेवा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. ऑइल दुधाळ दिसलं तर बंद करा, फेस बसू द्या, परत तेच. टोकाला स्टीअरिंग दाबून धरू नका, पंप लगेच तापतो. आवाज तरी राहिला तर टाकीकडून येणारे पाइप आणि त्यांचे क्लिप तपासा. कडक झालेला पाइप बाहेर न गळताही हवा ओढतो. पट्टा थोडा चालला की पुन्हा एकदा ताणून घ्या.